आमचे परदेशगमन

आपल्या मासिकात दर चार-सहा महिन्यांनी परदेशाहून परतलेल्या एखाद्या वाचकाचा लेख येतो. मुलगा अमेरिकेत किंवा कॅनडात असतो, आईवडील सहा महिने त्याच्याकडे राहून येतात आणि मग तेथील बर्फ, तेथील शांतता, रस्त्यात अनोळखी माणसाने हसून केलेले अभिवादन, कपडे दोरीवर वाळत घालण्याची चोरी, अशा लहानसहान नवलांचे वर्णन करतात. हे लेख मी आवडीने वाचतो. वाचून झाल्यावर मात्र दर वेळी थोडी हळहळ वाटते, की हे भाग्य काही आपल्या वाट्याला आले नाही. आमचे चिरंजीव सातासमुद्रापलीकडे गेले नाहीत; ते पुण्याला गेले. स्नेहलतागंजातून संध्याकाळी निघावे आणि सकाळी कोथरुडात दात घासावेत, इतकाच आमचा परदेश दूर. त्याला परदेश म्हणण्याचे धाडस मी एरवी केले नसते. परंतु २०२५ च्या उन्हाळ्यात सौभाग्यवतीसह सलग सहा आठवडे तेथे राहून आलो, आणि नवलाईसाठी विमानाचे तिकीट काढावेच लागते असे नाही, अशी माझी खात्री पटली.

प्रथम स्वतःविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. कारण त्यावाचून पुढील मौज कळणार नाही. मी एका शासकीय माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. वय अठ्ठावन्न. मराठी विषय घेऊन एम. ए. झालो आणि त्यानंतरची तीस-बत्तीस वर्षांची नोकरी संपूर्णपणे हिंदीत केली. हजेरीपट हिंदीत, दाखले हिंदीत, वरिष्ठांना लिहिलेली विनंतीपत्रे आणि वरिष्ठांकडून आलेली कारणे दाखवा सूचनापत्रेही हिंदीत. मराठी उरली ती घरात, देवघरात, वाण्याच्या हिशेबाच्या वहीत आणि पाढ्यांत. फळ्यावर गणित सोडविताना तोंडाने मी हिंदी बोलतो. पण हातचा धरण्याची वेळ आली की मनात ‘बे एके बे’च सुरू होते. आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत माळव्यात आले आणि माझी ही सहावी पिढी. आजीच्या लहानपणी शेजारीपाजारी आमच्या घराला ‘दक्षिणियों का बाड़ा’ म्हणत. आजीही महाराष्ट्राला महाराष्ट्र न म्हणता ‘दक्षिण’ म्हणे. कोणी लग्नकार्यासाठी पुण्या-साताऱ्याकडे निघाले, की ‘दक्षिणेत चाललेत’ असे ती सांगे. त्या स्वरात काशीयात्रेइतके गांभीर्य असे.

ही दक्षिण सुरू होते ती बिजासन घाटात. संध्याकाळी बस सुटते, खलघाटला नर्मदा ओलांडून होते, सेंधवा मागे पडते आणि घाट उतरला की दिव्यांच्या उजेडात दिसणाऱ्या पाट्यांची भाषा बदलते. आमच्याकडचा रस्ता ‘धीरे चलें’ असे विनवितो. इकडचा ‘वाहने सावकाश चालवा’ असे बजावतो. ‘पुढे धोकादायक वळण आहे’ ही पाटी वाचून पुढच्या आसनावरचा एक इंदुरी तरुण सोबत्याला म्हणाला, “देख, यहाँ के मोड़ भी धोखा देते हैं.” सोबती हसला. मीही हसलो, परंतु माझ्यातला शिक्षक जागा झाला. एकच शब्द घाटाच्या वर दगाबाजी आणि घाटाच्या खाली नुसता अपाय! पुढील सहा आठवड्यांत असे शब्द मला पावलोपावली भेटणार होते, याची तेव्हा कल्पना नव्हती.

पहाटे जाग आली तेव्हा बस अहिल्यानगरच्या वेशीवर होती. अहमदनगरचे हे नाव २०२४ साली झाले. ज्यांच्या नावाने आमचे इंदूरचे विद्यापीठ आहे, विमानतळ आहे, त्या अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात. तेथली मुलगी लग्न होऊन माळव्यात आली, राज्य केले, आणि १७९५ साली महेश्वरी नर्मदेकाठी तिने देह ठेवला. खिडकीतून ती पाटी पाहताना आपल्याच गल्लीतली कोणी वडीलधारी बाई परमुलखात अचानक दिसावी तसे मला झाले. सौभाग्यवतीला उठवून दाखवीपर्यंत बस पुढे गेली होती.

पहिला गोंधळ नातीच्या बाबतीत झाला. ती नऊ वर्षांची, चौथीत जाणारी. उन्हाळ्याच्या सुट्टीला जोडून मी काही दिवस रजा घेतली होती. आमच्या कार्यालयीन भाषेत तिला ‘अर्जित अवकाश’ म्हणतात आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडात तोच शब्द बसला आहे. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, “किती दिवस मुक्काम?” मी म्हणालो, “जूनच्या मध्यापर्यंत. अवकाशावर आहे.” नात माझे बोट धरून उभी होती. तिने डोळे विस्फारून विचारले, “आजोबा, तुम्ही अवकाशात जाणार? शुभांशु शुक्लांसारखे?” त्या दिवसांत शुक्लांच्या अंतराळयात्रेची तारीख रोज पुढे ढकलली जात होती आणि शाळकरी मुलांना त्याच गोष्टीचे वेड लागले होते. पुढे आठवडाभर ती मैत्रिणींना सांगत होती, की माझे आजोबा अवकाशावर असतात.

त्याच गृहस्थांशी झालेले दुसरे संभाषण अधिक रंगले. त्यांनी इंदुरात कोठे राहता असे विचारले. स्नेहलतागंज त्यांना कळणार नाही असे वाटून मी म्हणालो, “जेल रोडजवळ.” “आणि नोकरी?” “शिक्षा विभागात.” गृहस्थ क्षणभर थांबले. मग अत्यंत अदबीने म्हणाले, “म्हणजे तुरुंगाधिकारी?” मध्यप्रदेशातील आमच्या खात्याचे नावच मुळी ‘स्कूल शिक्षा विभाग’ असे आहे, जिल्ह्याचे साहेब ‘जिला शिक्षा अधिकारी’ आहेत, आणि आजवर त्यात काही विनोदी आहे असे माझ्या ध्यानातही आले नव्हते. मराठीचा पदवीधर असूनही! शाळेत काही मुलांना विचारले असते तर त्यांनी मराठी अर्थच अधिक ग्राह्य धरला असता, ही गोष्ट वेगळी.

हे होत असताना चिरंजीव शेजारी होते. ते घाईने म्हणाले, “शिक्षण खात्यात. बाबा हेडमास्तर आहेत.” सगळे हसले, मीही हसलो. परंतु नंतरच्या दिवसांत माझ्या लक्षात येऊ लागले, की हे पुन्हा पुन्हा घडते आहे. मी सूनबाईच्या माहेरच्या मंडळींना म्हणालो, “तुमचे घर मला फार चांगले लागले.” त्यावर त्यांची मुद्रा प्रश्नार्थक होते न होते तोच चिरंजीव म्हणाले, “बाबांना घर आवडलं.” माझ्या शाळेतील दोन शिक्षकांच्या जुन्या भांडणाची हकीकत मी सांगत होतो. शेवटी म्हणालो, “मग मी मध्ये पडलो आणि दोघांचा राजीनामा झाला.” ऐकणारे हळहळले, की दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. चिरंजीव म्हणाले, “राजीनामा म्हणजे समेट. तिकडे तसं म्हणतात.” मुलगा माझे भाषांतर करीत होता, मराठीतून मराठीत. त्याच्या स्वरात अनादर मुळीच नव्हता. रस्ता ओलांडताना म्हाताऱ्याचा हात धरावा तितक्याच मायेने तो ते करीत होता. पण हात धरला की म्हातारपण आठवते, तसे काहीसे मला होई, आणि मग मी बोलण्यापूर्वी वाक्य मनात एकदा घोळवून पाहू लागलो. मायबोली बोलताना असे करण्याची पाळी मजवर पूर्वी कधी आली नव्हती.

स्वयंपाकघरात सौभाग्यवतीची परिस्थिती याहून बरी होती, कारण तिला संकोच ठाऊक नाही. दुसऱ्याच सकाळी तिने पोहे केले. आपल्याकडचे पोहे आपणांस सांगायला नकोत. भिजवलेल्या पोह्यांत हळद, मीठ, साखर, बडीशेप घालून, नाममात्र फोडणी देऊन, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेने ऊन ठेवायचे आणि वाढताना वर कच्चा कांदा, शेव, डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि चिमूटभर जीरावन. सूनबाई सातारा जिल्ह्यातली. तिच्याकडे कांदा फोडणीत परततात आणि वर ओले खोबरे. तिने पहिला घास घेतला आणि विचारले, “आई, पोह्यांत बडीशेप? म्हणजे मुखशुद्धी आधीच झाली?” पोहे इंदुरात नेले ते मराठी माणसांनीच, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. ते खरे असेल तर माहेरवाशीण इतकी बदलून परत आली, की आईने तिला ओळखू नये, असाच तो प्रकार होता. नातीने मात्र जीरावनची पुडी ताब्यात घेतली आणि दहीभातापासून आंब्याच्या फोडीपर्यंत सर्वत्र तिचा प्रयोग केला.

याच पोह्यांवरून आणखी एक घोटाळा झाला. शेजारच्या बाई सौभाग्यवतीला म्हणाल्या, “रविवारी आमच्या भाचीचे कांदेपोहे आहेत.” ही म्हणाली, “फक्त रविवारी? आमच्याकडे रोज असतात.” मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमाला हे नाव आहे, हे तिला रात्री सूनबाईने समजावून सांगितले.

याच बाई येण्यापूर्वी दूरध्वनी करीत. चार पावलांवर दार, तरी दूरध्वनी: “आत्ता आले तर चालेल का?” पहिल्या वेळी आम्हां उभयतांना वाटले, काही अशुभ घडले असावे. स्नेहलतागंजात दार सकाळी उघडते ते रात्रीच बंद होते आणि मधल्या वेळात कोण आले, कोण चहा पिऊन गेले, याची नोंद नसते. पुणेकरांच्या तुटकपणाचे किस्से ऐकलेले होतेच. मी मनात एक खूणगाठ बांधून टाकली. ती लवकरच सोडावी लागली. एका रात्री अकराच्या सुमारास सौभाग्यवतीचा रक्तदाब वाढला. चिरंजीव कामानिमित्त बंगळुरास गेलेले. सूनबाईने शेजारी सांगितले मात्र, ते गृहस्थ (मला तुरुंगाधिकारी समजणारे तेच) सदरा चढवून गाडीची किल्ली घेऊन उभे. दवाखान्यात रात्री दोनपर्यंत ते बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आभार मानायला गेलो तर त्यांनी विषयच बदलला. आमच्या गल्लीत असे झाले असते तर वीस माणसे दवाखान्यात आली असती, निम्म्यांनी औषधे सुचविली असती आणि महिनाभर तोच विषय चालला असता. दोन्हींत डावे-उजवे करण्याची माझी तयारी नाही.

संध्याकाळी हे गृहस्थ आणि त्यांचे तीन-चार समवयस्क जवळच्या बागेत बसत. मीही जाऊ लागलो. त्या दिवसांत तेथे एकच विषय होता. राज्य सरकारने एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा ठरविणारा निर्णय काढला होता. तो पुढे जूनअखेरीस मागे घेण्यात आला. परंतु मी होतो तेव्हा वातावरण तापलेले होते. हिंदीचा उल्लेख निघाला की मंडळींचा आवाज चढे, आणि मग माझ्याकडे दृष्टी जाऊन खाली येई. एकाने विचारले, “तुमच्याकडे अजून मराठी बोलतात का हो?” मी जरा दुखावलो. इंदुरात मराठी साहित्य संमेलन तीन वेळा भरले आहे, १९१७, १९३५ आणि २००१ साली. महाराष्ट्र साहित्य सभेचा शारदोत्सव आजही होतो. असे बरेच काही मी सांगितले. थोडे व्याख्यानासारखे झाले असावे. मुक्तिबोध बंधूंचेही उदाहरण दिले. एकाच मराठी घरातले दोन भाऊ. थोरले गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीचे. आईला दोघांपैकी कोणी परका वाटला असेल काय? यावर एकजण म्हणाले, “पण तुम्ही हिंदी शाळेतले. तुमचे मत काय, ते सांगा.” मी सांगितले, की पहिलीतल्या पोराच्या डोक्यावर तीन भाषा ठेवू नयेत, हे तीस वर्षे वर्गात उभे राहिलेला कोणीही सांगेल. मात्र हिंदीने माझी मराठी खाल्ली, असे मला म्हणता येत नाही. मी ज्या शाळेत मराठीतून शिकलो तेथे आज मराठीचा वर्ग नाही. तो कोणी बंद पाडला नाही. आम्हीच आमची मुले त्यात घातली नाहीत. माझा मुलगाही त्या वर्गात बसला नाही. हे शेवटचे वाक्य मी मनातच ठेवले होते की मोठ्याने बोललो, ते आता आठवत नाही.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

माझ्याकडे मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ होते; विद्यार्थिदशेत पैसे साठवून घेतलेले. मागच्या पावसाळ्यात त्याला वाळवी लागली. १९११ साली प्रथम निघालेला हा ग्रंथ आजही मिळतो, तेव्हा पुण्यात आल्यासारखा घेऊन जावा म्हणून मी एका दुपारी अप्पा बळवंत चौकात गेलो. पुस्तकांच्या एका दुकानात शिरलो. फळीमागे विशी-बाविशीचा मुलगा होता. मी म्हणालो, “भैया, दामल्यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण आहे का?”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “है ना, अंकल. एग्ज़ाम के लिए चाहिए क्या?”

मी म्हणालो, “नाही, माझ्यासाठीच.” तो म्हणाला, “दो मिनट रुकिए, ऊपर से लाना पड़ेगा.” मी म्हणालो, “सावकाश आणा.” तो म्हणाला, “बैठिए ना.” अशी चार-पाच वाक्ये झाली, मी मराठीत आणि तो हिंदीत. मुलगा मराठीच होता. मागे वळून सहकाऱ्याशी तो अस्सल पुणेरीत बोलला. माझा अपमान करावा असे त्याच्या मनात नव्हते. उलट परगावच्या वृद्धाची तो सोय पाहत होता. पुस्तक आले. पाने चाळली. आणि मग, ते कसे झाले मला अद्याप कळलेले नाही, मी म्हणालो, “कितना हुआ?”

मराठीचे व्याकरण काखेत मारून मी रस्त्यावर आलो. रिक्षा न करता बराच वेळ चालत राहिलो.

रात्री जेवणे झाल्यावर हा प्रसंग मी विनोद म्हणून सांगितला. सौभाग्यवती हसली. सूनबाई म्हणाली, “बाबा, तुम्ही त्याला भैया म्हणालात ना, म्हणून.” आणि मग जरा अवघडून तिने सांगितले, की इकडे तो शब्द फारसा कोणी मराठी माणसाला लावत नाही, उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या माणसाला म्हणतात, आणि म्हणताना चांगल्या अर्थाने म्हणतातच असे नाही. मी थक्क झालो. आमच्याकडे दूधवाला भैया, रिक्षावाला भैया, थोरला भाऊ भैया, वाट विचारायची तो अनोळखी माणूस भैया. आणि लाडात आले की ‘भिया’. तोंडात साखर ठेवून अनोळखी माणसाशी बोलायचे तर त्याहून गोड शब्द माळव्यात नाही.

चिरंजीव काही बोलले नाहीत. निजानीज झाल्यावर मी गॅलरीत उभा होतो, तेथे ते आले. कठड्याला टेकून काही वेळ खाली वाहने पाहत राहिले. मग म्हणाले, “बाबा, कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत होस्टेलवर मला सगळे ‘भैया’च म्हणायचे. माझं नाव कोणी घेत नव्हतं.”

मला एकदम आठवले. तेव्हा आम्ही दर रविवारी रात्री नऊला त्याला दूरध्वनी करीत असू. मागून मुलांचा गलका ऐकू येई: “भैया, फोन आलाय!” “भैया, घरून आहे का?” त्यावर हसण्याचे आवाज येत. मी रिसीव्हर ठेवून हिला सांगत असे, “मुलगा रमला बरं का. पोरे त्याला भैया म्हणून हाक मारतात.” हिने त्या आनंदात एकदा देवापुढे साखर ठेवली होती.

“मला सांगितले नाहीस ते?” मी विचारले.

“काय सांगणार? तुम्ही खूश होता.” मग तो म्हणाला, “आरशासमोर उभा राहून बोलायचो. ‘येऊन राहिलोय’ नाही, ‘येतोय’. ‘चहा पिणार?’ नाही, ‘चहा घेणार?’ दोन वर्षांत गेलं सगळं. आता कोणाला ओळखू येत नाही.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पूर्वी कधी तरी झालेल्या आजाराविषयी बोलावे तसा तो बोलत होता. भाषेचा मी शिक्षक. शब्द माझ्या कानावर दर रविवारी पडत होता आणि त्याचा अर्थ मला दोन वर्षांत एकदाही कळला नव्हता. शिवाय गेले महिनाभर तो मला लोकांपुढे का सावरून घेत होता, याचा मी लावलेला अर्थही चुकीचाच होता. आपली लाज वाटते, असे मी धरून चाललो होतो.

त्यानंतर त्याने आमच्या भविष्याचा विषय काढला. माझ्या निवृत्तीला चार वर्षे आहेत. तो म्हणाला, निवृत्तीनंतर तिकडे दोघेच कशाला राहता? घराचे आत्ता चांगले पैसे येतील. इकडे याच इमारतीत जागा पाहता येईल. गोष्ट शहाणपणाची होती. स्नेहलतागंजातले घर जुने आहे, दर पावसाळ्यात कौले नाही तर भिंत काही ना काही मागत असते. मी म्हणालो, “पाहू.”

परतण्यापूर्वी वटपौर्णिमा आली. सौभाग्यवती सूनबाईबरोबर पूजेला गेली आणि चकित होऊन परतली. “इतक्या जणी, आणि सगळ्या एकाच दिवशी!” वाचकांपैकी महाराष्ट्रात राहणाऱ्या कोणाच्या हाती हा अंक गेला तर त्यांना हे कळणार नाही; पण आपणांस ते सांगायला नको. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच. कृष्ण पक्षाचे नाव तेवढे निराळे. त्यामुळे आमच्या गल्लीत वडाची पूजा दोनदा होते. अमावास्येला शेजारणी जातात, तेव्हा हिच्याकडून फणी-करंडा उसना नेतात, पंधरा दिवसांनी पौर्णिमेला ही निघते, तेव्हा त्या आठवणीने विचारतात, “भाभी, आज आपका है ना?” श्रावणही असाच. त्यांचा पंधरा दिवस आधी लागतो, आपला पंधरा दिवस नंतर सुटतो, आणि गल्लीत तो दीड महिना चालतो. उज्जयिनीच्या महाकालानेही दोघांची मने राखली आहेत. त्यांचा श्रावण संपला तरी भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातल्या सोमवारी त्याची सवारी निघतच राहते. तो पक्ष म्हणजे आपल्या श्रावणाचा उत्तरार्ध. कोथरुडातील वडाखालून परतल्यावर हिने ताट ठेवले आणि म्हणाली, “सगळे छान होते. पण कोणी विचारले नाही, की तुमचे कधी असते म्हणून.”

जूनच्या मध्यास आम्ही परतलो. पहाटे बसमधून उतरलो. ऑटोरिक्षावाला सामान उचलीत म्हणाला, “कहाँ चलना है, बाबूजी?” मी हिंदीत पत्ता सांगितला; बत्तीस वर्षे कार्यालयात घासूनपुसून लख्ख केलेली हिंदी. तो किल्ली फिरवीत म्हणाला, “आप मराठी हैं ना?” मी विचारले, “कैसे पहचाना, भैया?” तो म्हणाला, “बोली से.” घर येईपर्यंत सौभाग्यवती पदर तोंडाला लावून हसत होती.

चिरंजीवांनी मागे ठरविल्याप्रमाणे एका दलालाला कळविले होते. आषाढात तो घर पाहून गेला. माणूस सभ्य, याच भागातला. त्याचे वडील आमच्या घरी तिळगुळाला येत. भिंतींवर हात फिरवून, माप घेऊन तो म्हणाला, गिऱ्हाईक तयार आहे, कधी आणू? मी म्हणालो, सावन के बाद देखेंगे.

त्याने वही उघडली आणि विचारले, “कौन-सा सावन, सर? हमारा या आपका?”

मी म्हणालो, “हमारा.” त्याने मनाशी हिशेब करून पंधरा दिवस पुढची तारीख लिहून घेतली. त्यानंतर तो आलेला नाही आणि मीही त्याला बोलावलेले नाही.